आवाज काढून टाकणारा कय्युमभाई

मुकुटबनच्या बसस्टँडसमोर दोन दुकानं एकमेकांना टेकून उभी आहेत. एक माझं, झेरॉक्स आणि रिचार्जचं. दुसरं कय्युमभाईचं, 'फिजा व्हिडिओ मिक्सिंग'. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे लग्नसराईत दिवसभर वरातीची गाणी माझ्या कानावर आदळतात, आणि तीही पूर्ण नाहीत. एकच ओळ, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, नवरदेवाचा पाय गाण्याच्या ठेक्यावर पडेपर्यंत. मी भिंतीवर बुक्की मारतो. कय्युमभाई आवाज बारीक करतो आणि थोड्या वेळानं विसरून जातो. या शेजारात माझी अर्धी उमर गेली. आता बुक्की मारायचाही कंटाळा येतो.

कय्युमभाईचा बाप पिंजारी होता. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचा आणि लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा. कारखान्यातल्या फोमच्या गाद्या आल्या आणि धनुकली खुंटीला लागली. पोरानं खांद्यावर कॅमेरा घेतला. 'खांदा तोच हाय घनश्यामभाऊ, ओझं बदललं,' असं तो म्हणतो. बापाची एक सवय मात्र त्यानं उचलली. पिंजताना जी रुई उडते तीसुद्धा म्हातारा संध्याकाळी झाडून गोळा करायचा, फेकायचा नाही. कय्युमभाईसुद्धा काही फेकत नाही. दुसरा कुठलाही व्हिडिओवाला लग्नाची डीव्हीडी दिली की मूळ चित्रीकरण पुसून पुढच्या लग्नाला जागा करतो. याच्याकडं सगळं मूळ शूटिंग ठेवलेलं. ते लोक त्याला रॉ म्हणतात. एक हार्डडिस्क दुकानात, तिचीच नक्कल दुसऱ्या हार्डडिस्कवर घरी. दोन्ही जुन्या रजईच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेल्या.

घरची डिस्क त्याची बायको जुबैदा हिच्या लोखंडी पेटीत. ती बिचारी वैतागलेली. मला एकदा म्हणाली, "भाईसाब, अख्ख्या तालुक्याच्या शाद्या माझ्या पेटीत झोपल्या. माझी एक साडी ठेवायले जागा नाही."

"जला दे सब," असंही ती त्याला म्हणायची. तो नुसता हसायचा. हे नक्कल करण्याचं काम फार कंटाळवाणं असतं. मोठ्या लग्नाचं सामान एका डिस्कवरून दुसरीवर जायला दुपार जाते. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तो खुर्चीवर बसून पडद्यावरची ती हिरवी पट्टी सरकताना बघत राहायचा, आणि मी माझ्या दारात बसून त्याला बघत राहायचो. दोघांनाही दुसरं काम नसायचं, हे खरं कारण.

कारण ती वर्षंच तशी होती. आमच्याकडं कापूस घरात आला की लग्नं निघतात, आणि त्या वर्षांत कापसानं कुणाचंच ऐकलं नाही. कधी पाणी नाही, कधी भाव नाही, आणि शेवटी ती गुलाबी अळी. लग्नं झाली, पण आटली. मांडव लहान झाला, घोडा गेला, जिलेबीच्या जागी शिरा आला. व्हिडिओ मात्र कुणी सोडला नाही. घरात खायला असो-नसो, पोरगी नांदायला जाताना तिच्यासोबत डीव्हीडी गेलीच पाहिजे. त्यावर कय्युमभाईची चूल पेटायची. मी त्याला चिडवायचो, "लोकाइच्या दारी बँड वाजत नाही अन तुझं गाणं थांबत नाही."

आता त्याच्या कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं आहे. लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर घेतलं की तो सगळ्यात आधी त्याचा आवाज काढून टाकायचा. पार साफ. मांडवातला आवाज म्हणजे काय, तर जनरेटरची घरघर, बँडवाल्यांचा बेसूर, पोरांची रडारड आणि माइकवरून आहेराची यादी. ते कुणाला ऐकायचं नसतं. मग त्या मुक्या चित्रांवर तो सिनेमाची गाणी चढवायचा. नवरी आली की एक गाणं, जेवणाच्या पंगतीला दुसरं, पाठवणीला ते रडवणारं. यालाच आमच्याकडं मिक्सिंग म्हणतात. गिऱ्हाईक खूश. आमच्या भागातल्या कुठल्याही घरी लग्नाची डीव्हीडी लावा, माणसं तोंड हलवताना दिसतील, हसताना दिसतील, पण बोललेलं एक अक्षर ऐकू येणार नाही. इतक्या वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यालाही नाही.

मग नयन गेला.

नयन म्हणजे इंदुताईंचा मुलगा. बसस्टँडच्या मागं त्यांचं घर आणि गावाला लागून थोडं शेत. नवरा आधीच गेलेला. थोरली वैष्णवी लग्न होऊन तेलंगणाकडं दिलेली, घरी माय आणि लेक दोघंच. पोरगं बडबडं. माझ्या दुकानात दहा रुपयांचा रिचार्ज मारायला येणार आणि तासभर गप्पा मारून जाणार. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळीसाठी सगळे फवारत सुटले होते, आणि उंच झाडावर मारलेलं औषध वाऱ्यानं परत तोंडावर यायचं. नयन आपल्या शेतात फवारून आला आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्याही शेतात गेला. संध्याकाळी म्हणाला, डोळ्यांपुढं अंधारी येते. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेला. परत आणला तेव्हा सगळं संपलेलं. अशी पोरं त्या हंगामात आजूबाजूला आणखीही गेली. पेपरात आलं, लोक येऊन फोटो काढून गेले, आणि कपाशी तशीच उभी राहिली. माझ्या दुकानात पोरगं जिथं कोपर टेकून उभं राहायचं तिकडं मला बरेच दिवस बघवत नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका दुपारी इंदुताई आल्या. आधी माझ्याकडं. नयनचा मोबाइल पदरातून काढून काउंटरवर ठेवला.

"घनश्यामभाऊ, याच्यात पाहा न जी, पोराचं बोललेलं काई हाय काय."

मी सगळा फोन चाळला. सिनेमाची गाणी, क्रिकेट, दुसऱ्याच लोकांचे विनोद. स्वतःचं एक वाक्य पोरानं त्यात ठेवलं नव्हतं. कोण ठेवतं? मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी मोबाइल परत पदरात बांधला. मग म्हणाल्या, "तोंड दिसते जी मले. फोटो हाय भिंतीले. पर आवाज याद येऊन नाई राह्यला. 'वं माय' म्हनून हाका मारे, थे मले मालूम हाय, पर कानात येत नाई. काल रात्रभर आठवून पाह्यलं. माय असून इसरली मी."

 मी भिंतीवर बुक्की मारली. कय्युमभाई बाहेर आला.

त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा. वैष्णवीचं लग्न त्यानंच शूट केलं होतं, दोन वर्षांपूर्वी अक्षय तृतीयेला. "ताई, डीव्हीडीत गाणे हायेत, पर माह्यापाशी रॉ हाय. अख्खं. पोरगं तर दिवसभर माह्या कॅमेऱ्यासमोरच नाचून राह्यलं होतं. मी तुमाले त्याचं बोलनं ऐकवतो. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान झाडून घेतलं, खुर्ची पुसली, माझ्याकडून चहा मागवला. इंदुताई धुतलेलं लुगडं नेसून आल्या, पोराला भेटायला निघाल्यासारख्या. कय्युमभाईनं रजईतून डिस्क काढली, जोडली, आणि वैष्णवीच्या लग्नाचं काम उघडलं. पडद्यावर खाली तुकड्यांची लांब माळ आली, प्रत्येकावर त्यानंच घातलेलं नाव. 'नवरी', 'मामा', 'नयन नाच'. त्यानं 'नयन नाच'वर बोट ठेवलं आणि आवाज मोठा केला.

पडद्यावर एक टकला माणूस पंगतीत बसून कढी पीत होता.

कय्युमभाईनं पुढचा तुकडा लावला. 'नवरी'. तिथं एक रिकामी बैलगाडी. त्याच्या पुढच्यात कुणाची तरी आजी पंख्याखाली झोपलेली. नावं वैष्णवीच्या लग्नाची, माणसं भलत्याच लग्नातली. तो भराभर एकेक तुकडा उघडत गेला आणि घामाघूम झाला.

इंदुताईंनी शांतपणे विचारलं, "हे कोनाचं लगन हाय जी?"

तो घाम पुसत सांगू लागला. त्या अक्षय तृतीयेला मुकुटबनात दोन लग्नं होती. एक यानं घेतलं, दुसऱ्यावर आपल्या साळ्याला, कलीमला, दुसरा कॅमेरा देऊन पाठवलं. आता याची रीत अशी, की फोल्डरला नाव गावाचं आणि तिथीचं. माणसांची नावं बदलतात, लग्नं मोडतात, पण गाव आणि तिथी बदलत नाही, हे त्याचं शहाणपण. दोन्ही लग्नांचं नाव एकच झालं, 'मुकुटबन अक्षय तृतीया'. आणि कॅमेरा तर येडा. तो प्रत्येक कार्डावर एक, दोन, तीन असेच आकडे घालतो. वैष्णवीची डीव्हीडी देऊन झाली होती. पुढं कधीतरी कलीमनं घेतलेलं लग्न जपायला डिस्कवर टाकताना कॉम्प्युटरनं विचारलं असणार, याच नावाचं इथं आधीच आहे, त्याच्यावर टाकू का? थकलेल्या माणसानं 'सगळ्यांना हो' दाबलं असणार. एकाच्या एकवर दुसऱ्याचा एक बसला, दोनवर दोन बसला, आणि वैष्णवीचं लग्न खालून पुसलं गेलं.

"घरी दुसरी कापी हाय ना तुझी?" मी विचारलं.

"हाय," तो म्हणाला. "याच डिस्कवरून केलेली."

म्हणजे चूकसुद्धा त्यानं दोन जागी जपून ठेवली होती. मला त्याचा राग आला. इतकी वर्षं ती हिरवी पट्टी बघत बसला, आणि हाती आलं ते एवढं? तोंडावर आलं होतं, पण त्याच्याकडं पाहून गिळलं. इंदुताई उठल्या. चहा तसाच राहिला. जाताना त्याच म्हणाल्या, "राहू द्या कय्युमभाऊ. तुमचा काई दोस नाई. माह्यंच नशीब फाटकं."

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर कय्युमभाईनं दुकान उघडणं सोडलं. भिंतीपलीकडून गाणं नाही, काही नाही. इतकी वर्षं जी शांतता मागितली ती मिळाली, आणि मला ती खायला उठली. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. तो पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेला. जुबैदा माझ्यासमोरच त्याच्यावर ओरडत होती, पण त्या ओरडण्यात रडू होतं.

"दो दिन से खाना नहीं खाया भाईसाब. बोलता है, मैंने पूरे तालुके का मुँह बंद कर दिया. मेरे अब्बा रुई फेंकते नहीं थे, मैंने आवाज फेंका."

कय्युमभाई भिंतीकडं बघतच बोलला. "खरं हाय घनश्यामभाऊ. किती लोकं मेले या सालांत. कोनाच्या घरी त्याइचा आवाज हाय? मीच काढला सगळ्याइचा. रॉ जपून ठेवलं म्हनून मले वाटे, मी लय हुशार. कोनी मांगलंच नाई कधी. अन जिनं पहिल्यांदा मांगलं, तिचंच नाई."

मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो.

जुबैदानं पदरानं डोळे पुसले, आणि पलंगाखाली पाय मारला. खाली काहीतरी लोखंडी वाजलं. "और ये मुर्दा यहाँ कब तक रखूँ? इसमें देखा क्या?"

तो त्याचा जुना कॉम्प्युटर होता, मागच्या पावसाळ्यात विजेच्या झटक्यानं बंद पडलेला. भंगारवाल्याला द्यायला तो तयार नव्हता, अर्थातच.

"उसमें रॉ नहीं रखता था मैं," कय्युमभाई म्हणाला. मग थांबला. मग उठून बसला.

त्यानं मला नंतर समजावलं ते असं. मिक्सिंगचा कॉम्प्युटर कामाला सोपं जावं म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आवाजाची स्वतःपुरती एक नक्कल करून ठेवतो. चित्राची नाही, फक्त आवाजाची. आपण तुकडा घेतल्याबरोबर तो गुपचूप करतो, आपण नंतर आवाज काढून टाकला तरी त्याची नक्कल तशीच पडून राहते. ती कुठल्या कोपऱ्यात आहे, हे कुणी बघत नाही. डिस्क भरली की लोक ती कचरा म्हणून झाडून टाकतात. कय्युमभाईनं झाडली नव्हती. वैष्णवीच्या लग्नाचं काम त्याच जुन्या कॉम्प्युटरवर झालं होतं.

त्यानं पलंगाखालून डबा ओढला, स्क्रू काढले, आतली डिस्क काढून दुकानात आणली. त्या नकला सापडल्या. पण त्या काही गाण्यासारख्या लावून ऐकता येत नाहीत. तो खटपट करत बसला. भिंतीपलीकडून मला आधी नुसती खरखर ऐकू आली, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. दुसऱ्या दिवशी चिमण्यांसारखी चिवचिव. तो वेग कमी-जास्त करत होता. मी झेरॉक्स काढत होतो आणि कान तिकडं होते. दुपारी चिवचिव हळूहळू जाड झाली, खाली आली, आणि एकाएकी भिंतीतून नयन बोलला.

मी हातातले कागद तसेच टाकून धावलो. कय्युमभाई दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता. आम्ही दोघांनी ते एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकायची आमची छाती झाली नाही. मी इंदुताईंना बोलवायला गेलो.

या वेळी त्या शेतातून होत्या तशाच आल्या, हाताला कापूस वेचल्याचे ओरखडे. खुर्चीवर बसल्या नाहीत. कय्युमभाई म्हणाला, "ताई, चित्र नाई. गेलं थे. फक्त आवाज हाय. अन मांडवाचा कालवा बी हाय."

पडदा काळा होता. आधी जनरेटरची घरघर आली, मग भांडी, मग कुणाचं तरी पोर रडलं. मग तो, अगदी जवळून, धापा टाकत.

"कय्युमचाचा, मले कायले काढून राह्यले सकाळपासून? माह्या मायले घ्या ना थोडंसं. चुलीपासून उठलीच नाई थे. वं माय! इकडं पाय ना वं! माय!"

आणि लांबून इंदुताईंचाच आवाज आला, कावलेला. "जाय रे तिकडं! काम करू दे मले. लुगडं मळलं माह्यं, मले नको काढू."

"पाय ना वं एकडाव!"

"जाय म्हटलं ना!"

पोरगं हसलं. भांडं पडलं. आवाज संपला.

मला आठवलं, त्या डीव्हीडीत पाठवणी सोडली तर इंदुताई कुठंच नाहीत.

इंदुताई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "पुन्ना लावा."

पुन्हा घरघर, पुन्हा भांडी. 'वं माय! इकडं पाय ना वं!' आलं, आणि त्यांनी काळ्या पडद्याकडं तोंड केलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पाह्यलं रे. पाह्यलं बापा." मागून त्यांचाच आवाज 'जाय रे तिकडं' म्हणत राहिला.

कय्युमभाईला ते सहन झालं नाही. शेवटी त्याला एकच कला येते. तो खाली बघत म्हणाला, "ताई, थे तुमचं 'जाय' म्हनलेलं मी काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम. भांड्याचा कालवा बी काढतो. निस्ता पोराचा आवाज ठेवतो, साफ करून."

इंदुताईंनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, फार थकून.

"काई काढू नका भाऊ," त्या म्हणाल्या. "आदीच लय काढलं तुमी."

त्यानं काही काढलं नाही. जसंच्या तसं नयनच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं, आणि एकेक नक्कल दोन डिस्कवर ठेवली. फोल्डरला या वेळी गावाचं नाव दिलं नाही, तिथीचंही नाही. नयनचं दिलं, आणि त्याच्या मायचं.

इंदुताई मोबाइल कानाला लावून निघाल्या. बसस्टँडवर वणीची गाडी लागली होती, माणसं चढत-उतरत होती. कुणाला वाटलं असेल, बाई लेकाशी फोनवर बोलते आहे. मधूनमधून त्या थांबायच्या आणि मान हलवून म्हणायच्या, "हो रे. आली ना. आली."